लेख शाबूत, लिपी हरवलेली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या इतिहासावर लेख मागितला. इतिहासाच्या शिक्षकाकडे अशी मागणी यावी हे स्वाभाविकच आहे. परंतु संस्थेची स्थापना, इमारतीचे टप्पे, वसतिगृहाचा विस्तार, निकालांची चढती कमान यांविषयी इतर मान्यवर लिहिणारच आहेत. म्हणून इतिहासाच्या एका वेगळ्या अंगाविषयी चार शब्द लिहावेत असे ठरविले. इतिहास ज्या वस्तूंवर नोंदवून ठेवला जातो, त्या वस्तू हातात असूनही वाचता येईनाशा झाल्या तर काय करायचे, हा माझा विषय आहे. निमित्त आहे आपल्या शाळेतील एका हार्ड डिस्कचे, तिला वाचणाऱ्या कंट्रोलर कार्डाचे आणि लिनक्स या संगणक प्रणालीचे. तांत्रिक शब्द पाहून पालकांनी व समाजबांधवांनी पान उलटू नये, एवढी नम्र विनंती. कारण त्या डिस्कमध्ये आपल्याच घरांतील माणसांचे आवाज होते.

२००६ हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या सोहळ्यास वऱ्हाडातून गेलेली काही माणसे २००६ मध्ये हयात होती, मात्र बहुतेकांचे वय ऐंशीच्या घरात पोहोचले होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन इंझोरी आणि मानोरा-कारंजा परिसरातील गावांतून या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम आपल्या शाळेने त्या वर्षी हाती घेतला. मुले दर रविवारी वह्या आणि एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन निघत. वर्षअखेर एक्केचाळीस मुलाखती जमल्या.

त्या मुलाखतींत काय नव्हते? कोणी कारंज्यापर्यंत पायी गेले होते, तेथून छोट्या रुळांच्या शकुंतला गाडीने मूर्तिजापूर आणि पुढे मोठ्या गाडीने नागपूर. कोणी बैलगाडीने निघाले होते. एका आजींनी पांढरे लुगडे उधारीवर घेतले होते आणि ती उधारी पुढच्या कापूस वेचणीच्या मजुरीतून फेडली होती. एका आजोबांना दीक्षाभूमीवरचे भाषण फारसे ऐकू आले नव्हते, पण परत येताना गाडीत कोणी कोणाला जागेवरून उठविले नाही, हे त्यांच्या पक्के स्मरणात होते. घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडताना आईचे हात कसे थरथरले, हे सांगताना एक वृद्ध बराच वेळ थांबले होते. हा थांबलेला वेळही ध्वनिमुद्रणात होता. असा इतिहास कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

या मुलाखतींच्या सीडी तयार करून ग्रंथालयात ठेवल्या होत्या. २०१२ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या काही माजी विद्यार्थ्यांनी, एका कार्यालयात वापरून झालेला साठवण-संच शाळेला दान दिला. त्यात ३०० जीबी क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क होत्या आणि एकीवर जे लिहावे ते दुसरीवर आपोआप उमटत असे. मुलाखती, जुन्या दाखल-खारीज नोंदवह्यांची छायाचित्रे, स्नेहसंमेलनांची चित्रे असे सर्व त्या संचात आले. वऱ्हाडातील उन्हाळा आणि पावसाळी दमट हवा यांनी काही वर्षांत सीडींचा चकचकीत थर सोलून काढला. २०२२ च्या जून महिन्यात पहिल्याच वादळी पावसात वीज कडाडली आणि संचातील नियंत्रक भाग जळाला. दोनपैकी एका डिस्कची विद्युतपट्टीही त्यातच गेली. दुसरी डिस्क फिरत होती, परंतु तिच्यातले काहीही कोणत्याही संगणकावर दिसत नव्हते. बाजारातील दुरुस्ती करणाराने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "सर, यात आता काही राहिलं नाही. नवी घ्या."

तोपर्यंत त्या एक्केचाळीस जणांपैकी जवळजवळ सर्वच जण निर्वाण पावले होते. नवी डिस्क बाजारात मिळते, त्या मुलाखती पुन्हा कोठून मिळणार?

येथे मला वर्गात दरवर्षी शिकविला जाणारा एक धडा आठवला. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपले लेख खडकांवर आणि स्तंभांवर कोरविले. दगड टिकले, अक्षरेही टिकली. पण ब्राह्मी लिपीचे वाचन विस्मृतीत गेले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीला आणविले, तेव्हा त्यांवर काय लिहिले आहे हे सांगणारा एकही माणूस त्याला सापडला नाही. लेख पूर्ण शाबूत होता, हरवली होती ती लिपी. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावर अनेक लहान लहान लेख आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या लक्षात आले. ज्या ठिकाणी माणसे दान देतात तेथे शेवटी कोणता शब्द येईल? 'दानं'. त्या एका शब्दावरून पुढची अक्षरे सुटत गेली. सांचीच्या त्या लेखांत राजे थोडे आहेत. सामान्य उपासक, उपासिका, भिक्खुणी, कारागीर आणि व्यापारी अधिक आहेत.

आपली डिस्क मृत झाली आहे की तिची लिपी हरवली आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीला दूरध्वनी केला. ती पुण्यात संगणकांच्या साठवण-व्यवस्थेचेच काम करते. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पहिलीच सूचना दिली. "सर, डिस्क फिरते आहे ना? मग आशा आहे. पण एक लक्षात ठेवा, जे काही कराल ते वाचण्याचं करा. तिच्यावर लिहिण्याचं काहीही करू नका."

त्यानंतर तीन आठवडे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आमचे काम चाले. तिच्या पद्धतीत मला धम्मातील प्रतीत्यसमुत्पादाचा विचार दिसला. कारण असेल तर कार्य घडते, कारण नाहीसे झाले तर कार्यही थांबते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, वहीत लिहायचा आणि मगच पुढे जायचे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर यश कशाने आले आणि अपयश कशाने, हे कधीच कळत नाही.

पहिली अडचण खोबणीची निघाली. आपल्या घरांतील व कार्यालयांतील साध्या संगणकात साटा जातीच्या डिस्क लागतात. आमची डिस्क सॅस जातीची, म्हणजे मोठ्या सर्व्हरमध्ये वापरली जाणारी होती. दोन्हींचे तोंड वरवर सारखे दिसते. पण साटा डिस्कला मध्ये जी फट असते ती सॅस डिस्कला नसते, त्यामुळे ती साध्या खोबणीत बसतच नाही. सॅसच्या कार्डाला साटा डिस्क चालते, मात्र साटाच्या खोबणीला सॅस डिस्क चालत नाही. तेव्हा वेगळे कार्ड हवे होते. तिने जुन्या बाजारातून एक सॅस कार्ड मिळवून कुरिअरने पाठविले. पाठविण्यापूर्वी त्यात असे फर्मवेअर भरले, की कार्डाने मध्ये पडून डिस्कची स्वतःची मांडणी करू नये. डिस्क जशी आहे तशी संगणकापुढे ठेवावी. जाणकार याला आयटी मोड म्हणतात. काही कार्डे डिस्क दिसताच तिच्यावर आपली खूण लिहू पाहतात. आमच्यासाठी तीच मोठी भीती होती.

कार्ड शाळेच्या कार्यालयातील संगणकात बसविले. संगणक सुरू होताना कार्डाने पडद्यावर डिस्कचे नाव दाखविले आणि मला हायसे वाटले. पण लिनक्स सुरू झाल्यावर यादीत डिस्क नव्हती. येथे दुसरी अडचण होती. संगणकाला कोणकोणती कार्डे जोडलेली आहेत हे दाखविणारी एलएसपीसीआय नावाची आज्ञा लिनक्समध्ये आहे. तिच्या उत्तरात आमचे कार्ड दिसत होते, परंतु त्याच्याखाली ते चालविणाऱ्या ड्रायव्हरचे नाव येत नव्हते. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा जाणणारा दुभाषी.

कारण शोधल्यावर उलगडा झाला. लिनक्सचा गाभा एकच असला तरी तो निरनिराळ्या वितरणांमधून लोकांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक कार्डाला एक ओळख-क्रमांक असतो आणि कोणते क्रमांक स्वीकारायचे याची यादी ड्रायव्हरमध्ये असते. आमच्या संगणकावरील वितरणाच्या नव्या आवृत्तीने जुन्या कार्डांचे क्रमांक या यादीतून वगळले होते. कार्ड चांगले होते, दुभाषी हजर होता, मूळ गाभ्यात त्या कार्डाचा आधारही शिल्लक होता. केवळ यादीत नाव नसल्यामुळे त्याला दारात थांबविले होते. यादीतून नाव गळल्यामुळे माणसाचे काय होते, हे आपल्या समाजाला मी सांगावयास नको. येथे मात्र उपाय सोपा निघाला. डेबियन नावाचे दुसरे वितरण पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला. त्याने ती नावे वगळली नव्हती. ड्रायव्हर लगेच जागा झाला.

हे शक्य झाले याचे कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वभावात आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले आणि पुढे ती मुक्त परवान्याखाली जगासाठी खुली केली. तिचा मजकूर कोणीही वाचू शकतो, तपासू शकतो, सुधारू शकतो. एका वितरणाने एखादा दरवाजा बंद केला तरी मूळ घर सर्वांचे असल्यामुळे दुसऱ्या दरवाजाने आत जाता येते. विद्या एका वर्गाच्या मालकीची झाली म्हणजे काय घडते याचा दोन-अडीच हजार वर्षांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

आता डिस्कचे नाव लिनक्सलाही दिसू लागले. पण तिची क्षमता शून्य दाखविली जात होती! प्रणालीच्या नोंदींत, ज्या डीमेसेज या आज्ञेने वाचता येतात, एक ओळ होती. तिचा अर्थ असा: सेक्टरचा आकार ५२०, हा आकार चालत नाही.

ही तिसरी अडचण खरी गाठ होती. हार्ड डिस्कवरील माहिती लहान लहान समान तुकड्यांत लिहिलेली असते. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. साध्या डिस्कमध्ये सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. नव्या डिस्कमध्ये ४०९६ बाइटांचाही असतो. मात्र काही मोठ्या साठवण-संचांत डिस्क ५२० बाइटांच्या सेक्टरने भरलेल्या असतात. त्यांतील ५१२ बाइट आपल्या माहितीचे आणि उरलेले ८ बाइट संचाच्या स्वतःच्या पडताळणीचे. धान्याची रास एका घरात एका पायलीने मोजली आणि दुसऱ्या घरातील पायली थोडी लहान निघाली, तर हिशेब जुळणार कसा? धान्य तेच, माप वेगळे. जळालेला नियंत्रक भाग ५२० चे माप जाणत होता. लिनक्सच्या नेहमीच्या मार्गाला ते माप मान्य नव्हते, म्हणून त्याने डिस्क नाकारली. डिस्कमध्ये दोष नव्हता.

या अडचणीवर शोध घेतला तर एकच सल्ला जागोजागी मिळतो: डिस्क ५१२ च्या मापाने पुन्हा फॉरमॅट करा. त्यासाठी साधनही आहे आणि ते काही तासांत काम करते. जुन्या बाजारातून स्वस्त डिस्क घेणाऱ्यांसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. त्यांना रिकामी डिस्क हवी असते. पण त्या आज्ञेने डिस्कवरील सर्व मजकूर कायमचा पुसला जातो. आमच्यासाठी तो सल्ला म्हणजे स्तंभ स्वच्छ दिसावा म्हणून त्यावरची अक्षरे तासून टाकण्यासारखा होता. तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचा आशयच हा की, अनेकजण म्हणतात म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये; तिचा परिणाम काय होईल हे स्वतः तपासून मगच स्वीकारावी. आम्ही फॉरमॅटचा विचार बाजूला ठेवला.

लिनक्समध्ये डिस्कशी बोलण्याचा आणखी एक मार्ग आहे. नेहमीच्या मार्गात डिस्क म्हणजे ठराविक मापाच्या खणांचे कपाट समजले जाते. दुसऱ्या मार्गात, ज्याला एसजी म्हणतात, डिस्कला थेट तिच्या भाषेत आज्ञा देता येते: अमुक क्रमांकाचा सेक्टर जसा आहे तसा दे. एसजी-डीडी या साधनाला सेक्टर ५२० चा आहे असे सांगितले, की ते कुरकुर न करता सेक्टर मागून सेक्टर वाचत जाते. आधी केवळ काही हजार सेक्टर वाचून पाहिले आणि ते अंकांच्या रूपात पडद्यावर मांडले.

तो क्षण मी विसरू शकत नाही. डिस्कच्या रिकाम्या भागात शून्यांच्या ओळीमागून ओळी होत्या आणि ठराविक अंतराने आठ वेगळे अंक येत होते. पुन्हा शून्यांच्या ओळी, पुन्हा आठ अंक. अंतर मोजले तर नेमके ५१२. सांचीच्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी ती दोन अक्षरे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आपला मजकूर कोठे संपतो आणि पडताळणीचे आठ बाइट कोठे सुरू होतात, ते डोळ्यांनी दिसत होते. लिपी सापडली होती.

पुढचे काम चिकाटीचे होते. संपूर्ण डिस्क एका नव्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यायची होती. वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता, म्हणून वसतिगृहातील इन्व्हर्टर कार्यालयात आणला. काही सेक्टर खराब असल्यामुळे डिस्क तेथे अडखळत असे. तशा ठिकाणी शून्ये भरून पुढे जाण्याची सोय त्या साधनात आहे. दर तासाला कोणत्या सेक्टरपर्यंत आलो ते मी वहीत लिहीत असे, म्हणजे मध्येच थांबावे लागले तर तेथूनच पुढे सुरुवात करता यावी. रात्र गेली, दुसरा दिवसही दुपारपर्यंत गेला. उतरविलेल्या प्रतीवर मग तिने लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम चालविला. त्याचे काम एवढेच: ५१२ बाइट ठेव, पुढचे ८ सोड, पुन्हा ५१२ ठेव, पुन्हा ८ सोड. दर ५२० मागे ८, म्हणजे सुमारे दीड टक्का भाग गाळला गेला आणि उरले ते सर्व आपले.

तरीही फाइली लगेच दिसल्या नाहीत. संचाने डिस्कच्या सुरुवातीला स्वतःच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि आपली माहिती थोडी पुढून सुरू होत होती. लिनक्सच्या एक्स्ट जातीच्या फाइल-व्यवस्थेची एक ठरलेली खूण असते आणि ती तिच्या आरंभापासून ठरलेल्या अंतरावर असते. ती खूण शोधली, आरंभबिंदू मोजला आणि केवळ वाचण्याच्या अटीवर ती व्यवस्था उघडली. 'मुलाखती २००६' हे फोल्डर पडद्यावर आले. पहिली फाइल उघडली. आधी एका मुलाचा प्रश्न ऐकू आला, मागे कोंबडा आरवला, आणि मग आजींचा आवाज आला: "नाव सांगू का आधी?"

त्या वेळी कार्यालयात आम्ही दोन शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि दहावीचे चार विद्यार्थी होतो. कोणीही काही बोलले नाही.

नोंदवह्यांच्या फाइलींसोबत जुन्या स्मरणिकांचा मजकूरही मिळाला. परंतु तो उघडल्यावर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसली. तो मजकूर बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेला होता. अशा फॉन्टमध्ये 'क' च्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर साठविलेले असते आणि तोच फॉन्ट असला तरच ते 'क' सारखे दिसते. सर्व लिप्यांना सामाईक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली आणि तिच्यात देवनागरी होती. तरी मराठी छपाईच्या व्यवहारात पुढे अनेक वर्षे जुने फॉन्ट चालू राहिले. तो मजकूर आता रूपांतर करून युनिकोडमध्ये आणला आहे. कुलूप वेगळे, पण जात तीच: मजकूर आपला आणि वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे.

या साऱ्या प्रकरणाकडे इतिहासाचा अभ्यासक म्हणून पाहताना मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली आपल्याच जिल्ह्यातील. १९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेचे राजस्थान होते, ही गोष्ट त्यामुळे प्रकाशात आली. त्या ताम्रपटात दान देणारा राजा आहे आणि दान घेणारे ब्राह्मण आहेत. ती जमीन ज्यांनी कसली त्यांची नावे त्यात नाहीत. तांबे ज्यांच्या हाती होते त्यांची आठवण टिकली. आपल्या पूर्वजांच्या हाती ना तांबे होते ना अक्षर. आपली आठवण ओव्यांत, गाण्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिली. ती प्रथमच यंत्रावर उतरली असताना यंत्राच्या कुलपात अडकू देणे आपल्याला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांच्या ग्रंथांची. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते बरीच वर्षे पेट्यांत बंद होती. कागद होते, पण ते समाजाला वाचता येत नव्हते. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही मालिका हाती घेतली, वसंत मून यांनी संपादनाचे अपार कष्ट उपसले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड प्रकाशित झाला. पुढच्या काही खंडांत अपुरी प्रकरणे आहेत, हरवलेल्या पानांच्या जागा तशाच दाखविल्या आहेत. ज्या महापुरुषाच्या शब्दाची लाखो लोक वाट पाहत होते, त्यांच्याही लिखाणाची पाने हरवू शकतात. मग इंझोरीच्या परिसरातील एका शेतमजूर आजीच्या आवाजाचे रक्षण आपोआप होईल, असे कसे मानायचे?

म्हणून शाळेने आता काही नियम ठरविले आहेत. प्रत्येक मुलाखतीच्या तीन प्रती असतील. दोन प्रती वेगवेगळ्या जातीच्या साधनांवर आणि तिसरी इंझोरीच्या बाहेर, दुसऱ्या गावी. कोणतीही प्रत विशिष्ट कार्डावर किंवा विशिष्ट संचावर अवलंबून असणार नाही. साध्या संगणकाला जोडताच ती उघडली पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये, आवाज खुल्या स्वरूपात. प्रत्येक मुलाखतीचे शब्दांकन कागदावर छापून ग्रंथालयात ठेवायचे, कारण कागद वाचायला डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र लागत नाही. आणि दरवर्षी ३१ जानेवारीला, म्हणजे १९२० मध्ये ज्या दिवशी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला त्या दिवशी, विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रत उघडून ऐकून पाहायची. कपाटात ठेवलेली प्रत सुरक्षित आहे असे मानायचे नाही. उघडली आणि वाजली तरच ती आहे असे समजायचे. गेली दोन वर्षे हे काम नववीचे विद्यार्थी करतात. कार्ड कसे ओळखायचे, नोंदी कशा वाचायच्या, सेक्टर म्हणजे काय, हे त्यांना आता माझ्याहून चांगले समजते.

एक्केचाळीस मुलाखतींपैकी छत्तीस पूर्णपणे मिळाल्या. दोन मुलाखती खराब सेक्टरांमुळे वाचता आल्या नाहीत. उरलेल्या तीन मुलाखतींची सुरुवात गेली आहे. नाव, गाव आणि वय सुरुवातीलाच विचारलेले असल्यामुळे त्या तिघांची ओळख आज आपल्यापाशी नाही. त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही या तिघांच्या नोंदी सापडल्या नाहीत. त्यांतील एक स्त्री आहे. ती आपल्या वडिलांच्या डफाविषयी बोलते आणि दीक्षेनंतर त्यांनी तो डफ खुंटीवरून कसा उतरविला ते सांगते. दुसऱ्या आवाजाला मधूनमधून खोकला येतो आणि तो माणूस अडाण नदीच्या पुराची आठवण काढतो. तिसरे आजोबा मुलांना अधूनमधून "लेकहो" म्हणतात आणि नागपूरहून आणलेल्या बुद्धमूर्तीची किंमत दोनदा सांगतात.

या स्मरणिकेच्या वाचकांत त्यांची मुले, सुना, नातवंडे असतील. ही तिन्ही ध्वनिमुद्रणे शाळेच्या ग्रंथालयात कामाच्या कोणत्याही दिवशी दुपारी ऐकता येतील. रविवारी यावयाचे असल्यास वसतिगृहाच्या अधीक्षकांना आधी कळवावे. ज्यांच्या घरच्यांची मुलाखत सापडली आहे, त्यांनी पेनड्राइव्ह आणल्यास प्रत विनामूल्य मिळेल. आणि हा आवाज आमच्या आजीचा, आमच्या आबाचा, असे कोणाला ओळखता आले, तर त्यांचे नाव, गाव आणि वय नोंदवहीत लिहून द्यावे. त्या तीन रकान्यांत अद्याप काही लिहिलेले नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.